हॉर्नचा होकार

फाटकापासून रस्त्याच्या वळणापर्यंत रांग लागली होती. रांगेत म्हातारेकोतारे होते, कडेवर पोरं घेतलेल्या बाया होत्या, नोकरी न मिळालेले तरुण होते आणि नोकरी मिळूनही सुख न लाभलेले प्रौढ होते. या सगळ्यांना एका मोटारसायकलला प्रश्न विचारायचा होता.

मोटारसायकल अंगणात पत्र्याच्या शेडखाली उभी होती. जुनी, काळी, मालकाहून थोडीच लहान. मालक हिवाळ्यात वारले होते. आता टाकीवर फुलांचा ढीग होता आणि पुढच्या विजेच्या दिव्यासमोर तेलाचा दिवा लावला होता. शेजारी संकेतमहाराज उभे होते. डोळे मिटलेले, दोन्ही हात हँडलवर, हातांवर मनगटं झाकणारी शाल. भक्तानं प्रश्न विचारायचा, महाराजांनी तो मालकांच्या आत्म्यापर्यंत पोचवायचा. हॉर्न वाजला तर होकार, नाही वाजला तर नकार. गाडीला चावीसुद्धा लावलेली नव्हती.

मालकांची लेक बॅग घेऊन फाटकाशी आली, तेव्हा तिला कुणीतरी रांगेत मागे उभं राहायला सांगितलं. हे आपलंच घर आहे हे पटवून देण्यात तिचा बराच वेळ गेला. शेवटी शेजारच्या शिंपीकाकांनी तिला ओळखलं. रांगेची व्यवस्था त्यांच्याकडेच होती. त्यांनी तिला आत घेतलं आणि अण्णा आता किती लोकांचं कल्याण करताहेत ते सांगितलं. अण्णांनी हयातीत स्वतःच्या गाडीखेरीज कुणाचं फारसं काही केलं नव्हतं, हे त्यांच्या लेकीला ठाऊक होतं.

ती शहरात शाळेत विज्ञान शिकवायची. घाईघाईनं रजा टाकून आली होती ती डोळ्यांच्या दवाखान्यातून आलेल्या फोनमुळे. आईला काचबिंदू होता. गेलेली नजर परत येणार नव्हती, उरलेली ऑपरेशननं वाचण्यासारखी होती. आणि आई ठरल्या दिवशी दवाखान्यात फिरकलीच नव्हती.

"तुझ्या अण्णांना विचारलं मी," आई म्हणाली. "ते नको म्हणाले."

"म्हणाले म्हणजे?"

"हॉर्न वाजला नाही."

लेकीनं सगळं नीट विचारून घेतलं. अण्णा गेल्यावर आई रोज गाडी पुसायची. एकदा पुसता पुसता हॉर्न आपोआप वाजला. आई हातातलं फडकं टाकून घरात पळाली, आणि मग तिथेच बसून रडली. शिंपीकाकांनी ही गोष्ट चार ठिकाणी सांगितली. ती ऐकून कुठूनसे संकेतमहाराज आले, गाडीभोवती बराच वेळ फिरले, तिला इकडून तिकडून हात लावून पाहिला आणि आत्मा याच देहात उतरला आहे असं जाहीर केलं. दर आठवड्याला ते सीटखालची 'शक्तिपेटी' काढून शुद्धीकरणासाठी आपल्या मुक्कामी नेत आणि दुसऱ्या दिवशी परत बसवत. ती पेटी शिंपीकाकाच उचलून न्यायचे.

"बॅटरी चार्ज करायला नेतात ते," लेक म्हणाली.

आईनं तोंड फिरवलं. नवऱ्याला चार्जिंग लागतं हे कोणत्या बाईला ऐकवेल?

दुसऱ्या दिवशी लेकीनं घाई केली आणि ती अंगाशी आली. सकाळी कुणी यायच्या आत तिनं बॅटरीची एक तार सोडून ठेवली. हॉर्न वाजला नाही की लोक आपोआप शहाणे होतील असा तिचा हिशेब होता. हॉर्न वाजला नाही. आधी एका पोराच्या परीक्षेला नकार आला, मग एकीच्या लग्नाला, मग एका म्हाताऱ्याच्या गुडघ्याला. महाराजांनी डोळे किलकिले केले. आत्मा रुसला आहे, ते म्हणाले, घरात अविश्वास पाऊल टाकून गेला आहे. सगळ्यांच्या माना लेकीकडे वळल्या. आईनं तिच्या वतीनं हात जोडून माफी मागितली. मग महाराजांनी पुन्हा डोळे मिटले, आत्म्याची नाडी बघतो म्हणून सीटखाली हात घातला, तिथे बराच वेळ चाचपडले, आणि हात बाहेर काढून हँडल धरताच हॉर्न असा खणखणीत वाजला की रांगेतल्या बायांनी डोळ्यांना पदर लावले.

लेक मनात म्हणाली, बिघाड शोधताना आधी बॅटरीच्या तारा तपासाव्यात, हे या माणसाला पक्कं माहीत आहे. म्हणजे हा भाबडा नाही. लबाडी किती खोल आहे ते तिला कळलं, पण ती दाखवायची कशी ते कळेना. नुसतं बंद पाडून भागणार नव्हतं. का वाजतो ते सापडायला हवं होतं.

दुपारी अंगण रिकामं झालं. आई आत आडवी झाली होती. लेकीनं बॅटरी तपासली, ठीक होती. हॉर्नचं बटण दाबलं, तो वाजला. सोडलं, थांबला. बटणात दोष नव्हता. तिनं एका लहान बल्बला दोन तारा जोडून ठिकठिकाणी वीज पोचते का ते पाहिलं. हॉर्नपर्यंत ती पोचत होती, आणि चावी नसतानाही पोचत होती. त्या काळच्या गाड्यांत असं असायचं, एवढं तिला अण्णांच्या तोंडून ऐकून माहीत होतं. तिनं तारा हलवल्या, ओढल्या, दाबल्या. हॉर्न मुका तो मुकाच. तासभर घाम गाळून ती कंटाळली. ऊन शेडच्या आत सरकलं होतं, तेव्हा गाडी सावलीत घ्यावी म्हणून तिनं हँडल धरून डावीकडे वळवलं.

हॉर्न वाजला.

वर्षानुवर्षं मुलांना विजेचे धडे शिकवणाऱ्या त्या बाईच्या तोंडून, भर दुपारी, हलक्या आवाजात निघून गेलं, "अण्णा?"

मग ती भानावर आली. हँडल उजवीकडे नेलं, आवाज बंद. डावीकडे नेलं, आवाज सुरू. पुन्हा तसंच. शालीखाली महाराजांची मनगटं काय करत होती ते आता वेगळं सांगायला नको होतं. पुढच्या दिव्याचा स्क्रू काढून तिनं दिवा बाहेर ओढला आणि मागच्या तारांच्या गुंत्यात बोट घातलं.

आवाजानं आई दारात आली होती. चौकट धरून उभी होती. "काय म्हणाले?" तिनं विचारलं.

लेकीच्या जिभेवर एक खरमरीत वाक्य आलं होतं. ते तिनं गिळलं. तिनं आईचा हात धरून तिला गाडीपाशी आणलं, तिचे हात हँडलवर ठेवले आणि वळव म्हणाली. आईनं वळवलं. हॉर्न वाजला. सरळ केलं, थांबला. आईनं ते कितीतरी वेळा केलं. लेकीनं तार दाखवली, आई डोळे बारीक करून बघत राहिली, तिला ती नीट दिसत नव्हती. मग तिनं ती बोटांनी चाचपून पाहिली.

"म्हणजे त्या दिवशी मी पुसताना हँडल वळलं असणार," ती म्हणाली. तिनं बोटं पदराला पुसली. मग म्हणाली, "दिवा होता तसा बसव. उद्या त्याला येऊ दे. मी बोलते."

दुसऱ्या दिवशी रांग आणखी लांब होती. महाराज शाल सावरून पुढे झाले, तशी आई मध्ये आली. आज मी बायको म्हणून माझ्या हातानं विचारणार, ती म्हणाली. महाराजांनी सांगून पाहिलं की आत्म्याचा झोत तापलेला असतो, साध्या देहाला सोसत नाही. आई म्हणाली, याच माणसाबरोबर जन्म काढला, तेव्हा सोसलाच की. लोक हसले. महाराजांना बाजूला व्हावं लागलं.

आईनं हँडल धरलं. "तुम्हीच आहात ना?" तिनं विचारलं. हॉर्न वाजला. लोकांनी हात जोडले.

"सूर्य पश्चिमेला उगवतो ना?" हॉर्न वाजला. हात जोडलेलेच राहिले, पण कपाळाला आठ्या पडल्या.

"आणि हा महाराज लबाड आहे ना?"

हॉर्न वाजला, आणि आईनं हँडल सरळ केलंच नाही. तो वाजतच राहिला. महाराज मोठ्या पेचात सापडले. हॉर्न खरं बोलतो म्हणावं, तर आपण लबाड ठरतो. हॉर्न काहीच बोलत नाही म्हणावं, तर आपली गरजच उरत नाही. ते काही बोलायच्या आत लेकीनं पुढचा दिवा काढून तार सगळ्यांसमोर धरली.

"बॅटरीची वीज हॉर्नपर्यंत कायम येऊन थांबलेली असते," ती म्हणाली. "बटण फक्त हॉर्नची दुसरी तार गाडीच्या लोखंडाला जोडतं. जोडली की हॉर्न वाजतो. ही ती दुसरी तार. हिचं रबर चिरलंय, तांबं उघडं पडलंय. हँडल डावीकडे गेलं की ते लोखंडाला टेकतं. बटणाचं काम मग हँडलच करतं. या, तुम्हीही करून बघा."

रांग तीच राहिली, पण आता प्रत्येकजण येऊन हँडल वळवून जात होता. या गडबडीत महाराज कधी सटकले ते कुणाला कळलं नाही. शाल मात्र राहिली. पुढे ऐकण्यात आलं की दूरच्या कुठल्याशा गावात एक फ्रिज गुणगुणू लागला आहे आणि त्याचा अर्थ लावणारे एक महाराज तिथे मुक्कामाला आहेत.

शिंपीकाका शेवटी आले. त्यांनी हँडल वळवलं नाही. त्यांचा मुलगा परदेशी गेला तो गप्पच झाला होता. तो परत येईल का, असं त्यांनी विचारलं होतं आणि होकार मिळाला होता. आता त्या होकाराचं काय करायचं, असं त्यांनी लेकीला विचारलं.

"त्याला फोन करा, काका. त्याच्या मनातलं त्यालाच माहीत असणार. तारेला कसं माहीत असेल?"

"आणि तो नाही म्हणाला तर?"

"तर निदान ते खरं असेल."

काका घराकडे वळले.

त्याच आठवड्यात आई दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंना तिनं इतके प्रश्न विचारले की बाहेर खोळंबलेले रुग्ण डोकावू लागले. काय कापणार, का कापणार, नाही कापलं तर काय, कापून बिघडलं तर काय. बाईंनी एकेकाचं उत्तर दिलं. शेवटी म्हणाल्या, उरलेली नजर टिकायची शक्यता चांगली आहे, पण खात्री मी देऊ शकत नाही.

बाहेर आल्यावर लेक थोडी काळजीत पडली. खात्री नाही हे ऐकून आई पुन्हा मागे सरेल असं तिला वाटलं.

"नाही गं," आई म्हणाली. "इतक्या महिन्यांत खात्री देत नाही म्हणणारं पहिलंच माणूस भेटलं. हिच्याच हाती डोळे देते."