शिक्क्याची तार

मोटार शर्यतीतल्या आमच्या छोट्या इंजिनाच्या वर्गाला यंदा शेवटची संधी होती. शर्यतीला किमान आठ गाड्या उभ्या राहिल्या तर वर्ग टिकणार, नाहीतर कायमचा बंद. वरच्या वर्गाची गाडी घ्यायला आमचं गॅरेज विकूनही पुरलं नसतं. म्हणजे वर्ग गेला की माझ्या धाकट्या भावाचं रेसिंग संपलं.

बाबा मिस्त्री. आठचा आकडा गाठायला त्यांनी जिवाचं रान केलं. भावाला हरवायला टपलेल्यांच्याही बंद गाड्या दुरुस्त करून दिल्या. शेवटी गुडघे धरून घरी बसलेल्या एका जुन्या रेसरला पुन्हा गाडीत बसवलं. त्यांना सगळे काका म्हणतात; जुन्या रेसिंग सूटची चेन पोटावरून ओढताना त्यांच्या नाकी नऊ आले. पण आठ गाड्या भरल्या. शर्यतीच्या सकाळी भाऊ चक्क शीळ घालत होता.

तपासणीला तपासनीस नेमके आमच्याच गाडीपाशी थांबले. पैसे ओतून कोणी इंजिन आतून बदलू नये म्हणून त्यावर शिशाचा शिक्का मारलेली तार बांधतात. ही अट बाबांनीच कधीकाळी भांडून आणली होती, पैसेवाल्यांना वेसण घालायला. आता तिथे नवी कोरी तार चमकत होती, आणि शिक्का नव्हता.

जुनी गंजली होती म्हणून पहाटे बदलली, असं बाबांनी सांगितलं, आणि सांगता सांगताच त्यांचा चेहरा उतरला. गंजकी तार दिसली की त्यांचे हात शिवशिवतात. मला इतका संताप आला की त्यांची पक्कड भिरकावून द्यावीशी वाटली.

"साहेब, गुण देऊ नका," बाबा म्हणाले. "नुसती उभी राहू द्या. मोजण्यापुरती."

"मिस्त्री, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण शिक्का नाही तर गाडी नाही. हे तुम्हीच आमच्याकडून कबूल करून घेतलंय."

सात गाड्यांची शर्यत झालीच नाही. काकांनी हेल्मेट काढलं आणि कुणाकडे न बघता सामान भरायला घेतलं.

भाऊ बाबांशी भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो गाडीवर चिकटवलेला नंबर नखाने सोलायला बसला. एक कोपरा काही केल्या निघेना, तेव्हा बाबा सवयीने वाकले आणि त्यांनी तो न फाडता, नीट काढून दिला.