माझ्या अंगातला खिळा

मित्रांनो, तुमच्याशी बोलताना मला मान खाली घालावीशी वाटते. पण मला मान नाही. सांगलीच्या रस्त्यावरच्या एका लहान शहरात, नगरपालिकेच्या मैदानावर रोवलेला खो-खोचा मी पूर्वेकडचा खांब आहे. जमिनीवर माझी उंची जेमतेम चार फूट. वय बावीस वर्षे.

माझा जन्म शिराळ्याकडच्या एका सुताराच्या हातून झाला. सागाच्या ओंडक्यातून त्याने मला गोल कातले आणि पॉलिश पेपरने इतके घासले की त्याच्या मुलीने गालाला लावून पाहिले. माझा जोडीदार पश्चिमेला रोवला गेला, मी पूर्वेला. आमच्या मधल्या पट्टीत आठ खेळाडू एकाआड एक उलट्या दिशांना तोंड करून बसतात. पाठलाग करणारी मुलगी धावत येते, एका हाताने मला धरते आणि सूर मारून पलीकडच्या मुलीला बाद करते. त्या क्षणी तिचा सगळा भार माझ्यावर असतो. माझे काम एवढेच, की तिचा हात जिथे पडेल तिथे मी गुळगुळीत असावे.

मैदानाची राखण आकारामकडे होती. मी रोवला गेलो त्याच वर्षी तो नगरपालिकेत लागला. दर शनिवारी तो मला जवसाचे तेल लावी. शिवांजली नावाची आमची खेळाडू राज्याच्या संघात निवडली गेली, तेव्हा घरी जाण्याआधी ती मैदानावर आली आणि तिने माझ्या माथ्याला गुलाल लावला. आकाराम आठवडाभर तो पुसू देईना. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगे, "बगा, आमचा खांब."

मग हळूहळू मैदान भाड्याने जाऊ लागले. कधी लग्न, कधी प्रदर्शन, कधी सभा. माझ्या अंगाला कुणी मांडवाची दोरी बांधे, कुणी मोटारसायकल टेकवे. तेलाचा शनिवार महिन्यावर गेला आणि मग सुटलाच. आकाराम तरी काय करणार, असे मी स्वतःला समजावत असे.

गेल्या वर्षी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स माझ्यावर ठोकला. एका बुधवारी तो काढताना पोरांनी ओढून फाडला. खिळे निघाले, पण एकाचे डोके तुटून तो माझ्या अंगातच राहिला, अर्धा इंच टोक बाहेर काढून. नेमके हात पडतो तिथे.

आकारामने ते पाहिले. बोटाने चाचपून पाहिले. "पक्कड आणाय पायजे," तो स्वतःशीच म्हणाला. पक्कड समोरच्या सायकलच्या दुकानात होती. पण ऊन होते, जेवण व्हायचे होते. त्याने एक फडके माझ्याभोवती गुंडाळले आणि म्हणाला, "उद्या बगू."

गुरुवार गेला. शुक्रवार गेला. फडके वाऱ्याने सुटून गेले.

शनिवारी जिल्ह्याच्या संघासाठी निवड होती. आमच्या मैदानावर क्रांती मॅडम मुलींना शिकवतात. त्यांच्यातली नौशीन सगळ्यांत बुटकी, पण खांबावरचा सूर तिच्यासारखा कुणाचा नाही. वर्षभर तिने माझ्यावरच सराव केला होता. त्या दिवशी ती धावत आली, माझ्याकडे न पाहता तिने हात टाकला आणि सगळा भार देऊन झेपावली.

मित्रांनो, मला ते पुढचे सांगता येत नाही. तिने समोरची मुलगी बाद केली, एवढे खरे. पंचांनी शिट्टी वाजवली, आणि मग सगळ्यांना तिचा हात दिसला.

मॅडम तिला रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेल्या. बाकीचे त्यांच्यामागे गेले. मैदान रिकामे झाल्यावर आकाराम समोरच्या दुकानात गेला, पक्कड घेऊन आला आणि त्याने ते टोक उपसून गटारात टाकले. त्याला दोन मिनिटेही लागली नाहीत.

संध्याकाळी नौशीनचे वडील इमाम आले. ते कुपवाडच्या कारखान्यात लेथवर काम करतात. अंगावर कामाचेच कपडे होते.

"आकारामदादा, पोरीला कशानं लागलं?"

"मला काय म्हाईत न्हाई बगा. पोरीचंच ध्यान न्हवतं. लय घाईत हुती."

इमाम माझ्यापाशी वाकले. त्यांनी भोकावर बोट घासले, बोटाला लागलेला गंज पाहिला. "ह्यात कायतरी हुतं, दादा."

"पयल्यापास्नंच भोक हाय त्ये."

इमाम गाडीवर बसून गेले. मला ओरडून सांगायचे होते. पण मी उभा राहिलो, खोट्याचा साक्षीदार होऊन.

नौशीनच्या तळहाताला अकरा टाके पडले. आत बोटे वळवणारी शीर तुटली होती. संघ तिच्याशिवाय गेला. पोरीचे लक्ष नव्हते, हे वाक्य मैदानभर फिरले आणि फिरत फिरत तिच्यापर्यंत पोहोचले.

वीस दिवसांनी ती हाताला पट्टी बांधून एकटीच आली. आकाराम पाणी मारत होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"काका, माझंच चुकलं. मी बघून सूर मारायला पायजे होता. अब्बांनी तुमाला उगंच विचारलं. माफ करा."

आकारामच्या हातातली नळी तशीच वाहत राहिली. त्याने नुसती मान हलवली. ती गेली. तो माझ्याजवळ येऊन बसला आणि पाणी त्याच्या पायाखाली साठत राहिले, तरी उठला नाही.

दुसऱ्या दिवशी सरावाला मुली जमल्या होत्या. नौशीन कडेला बसून पाहत होती. इमाम तिला न्यायला आले, तेव्हा आकाराम मॅडमना म्हणाला, "जरा थांबवा खेळ. मला बोलायचं हाय." मुली गोळा झाल्या.

"खिळा मला दिसला हुता," तो म्हणाला. "तीन दिस आदी. आळस केला. लागल्यावर मीच काडला आन् पोरीवर ढकललं."

इमाम म्हणाले, "मला तवाच कळलं हुतं, दादा. तुमी कवा सांगताय त्येची वाट बगत हुतो. पर मला नगा सांगू. तिला सांगा."

आकाराम नौशीनकडे वळला. त्याने हात जोडले. ती त्याच्याकडे पाहत राहिली आणि मग तिने शांतपणे विचारले, "काका, काल मी माफी मागितली, तवा तुमी ऐकून का घेतली?"

आकारामचे जोडलेले हात हळूच खाली आले.

आकारामने स्वतः नगरपालिकेत जाऊन लिहून दिले. त्याला नोटीस मिळाली, ती त्याने मुकाट्याने घेतली. आता तो रोज सकाळी मला पुसतो, तेल लावतो. भोकात लाकडाचा भुसा आणि डिंक भरला आहे. तो शनिवारची वाट पाहत नाही. आम्हा दोघांनाही ते वीस दिवस आठवतात.

चार महिन्यांनी नौशीन पुन्हा खेळायला आली. आता ती चांगली पळते, पण सूर मारत नाही. पहिल्या दिवशी ती माझ्याजवळ आली आणि वरून खालपर्यंत तळवा फिरवून तिने मला तपासले. तिची दोन बोटे माझ्याभोवती वळली नाहीत. तिचे पाहून दुसरीने तपासले, मग तिसरीने. आता प्रत्येक मुलगी खेळण्याआधी मला तपासते. क्रांती मॅडम याला चांगली सवय म्हणतात, आणि ती चांगलीच आहे. पण एके काळी या मुली डोळे मिटून माझ्यावर हात टाकत होत्या.

मित्रांनो, तुमच्याही गावात नगरपालिकेचे मैदान असेल, घसरगुंडी असेल, व्यायामाची साधने असतील. ती तुमची आहेत. काही तुटलेले, टोचणारे दिसले तर लगेच सांगा, सांगूनही दुरुस्ती झाली नाही तर पुन्हा सांगा. आणि तुमच्या हातून चूक झालीच, तर ती त्याच दिवशी बोला. ज्याला लागले, त्याच्यावरच माफी मागायची वेळ आणू नका.