मंगळावरची दरड

मोतीबाईच्या पाचवीला सटवाईऐवजी भीतीच पुजली असणार, असं तिचा नवरा कोंडाजी येता-जाता म्हणायचा. नवरा असं म्हणाला की शेजारीपाजारी हसतात आणि बायको खाली मान घालून भाकरी थापते, ही जगाची रीत. मोतीबाईही थापायची. खरं तर बाई विंचवाला भ्यायची नाही, अंधाराला भ्यायची नाही. ती भ्यायची फक्त बाळंतपणाला. तिचं पहिलं पोर पाचवीची पूजा व्हायच्या आतच गेलं होतं, आणि ते काही केल्या तिला विसरता येत नव्हतं.

आता लेक मैना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली होती, गुटगुटीत, डोकंभर जावळाची. आज तिची पाचवी. दिवेलागणीला पाटा-वरवंटा मांडून सटवाई पुजायची, तिच्यापुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, म्हणजे रात्री ती येऊन बाळाचं नशीब लिहून जाते. तोवर बाळंतिणीनं घराचा उंबरा ओलांडायचा नाही. मोतीबाई पहाटेपासून देव पाण्यात घालून बसली होती.

सत्त्याहत्तर सालचा पावसाळा. लावण्या उरकल्या होत्या आणि आठवडाभर पावसानं उघडीप दिली नव्हती. कोंडाजीचं घर कडाव गावाच्या पुढे, वाडीपासून सुटं, डोंगराच्या पायाशी. मागच्या उतारावर बापजादे नाचणी पेरत. कोंडाजीनं ठरवलं, आपण भात लावायचं. दोन उन्हाळे राबून त्यानं उतार कापला, बांध घातला, ओहोळाचं पाणी वळवून भाताचं खाचर भरलं. वाडीत असं कुणी केलं नव्हतं, म्हणून त्याची मान ताठ झाली होती. ताठ मानेच्या माणसाला पायाखालचं कमी दिसतं, पण हे त्याला सांगायचं कुणी?

दुपारी पुतण्या गजा आला. खोपोलीच्या एका कारखान्यात तो कामाला होता. पाळी संपवून येताना कडावच्या दुकानातून त्यानं पूजेचं खोबरं, सुपारी, हळदकुंकू आणलं होतं. मोतीबाईनं पुडा सोडला आणि वर्तमानपत्राचा कागद टाकणार, तेवढ्यात तिला त्यावरचं चित्र दिसलं.

"गजा, ही कुणाच्या अंगावरची गळवं रं?"

गजा हसला. "काकी, उलटा धरलास कागद." त्यानं तो फिरवून तिच्या हातात दिला, आणि मोतीबाईच्या डोळ्यांदेखत गळवं आत गेली. जिथं फुगवटे होते तिथं खड्डे झाले.

"मंगळ हाय तो. आभाळातला. यान सोडलंय, ते वर्षभर त्याच्याभोवती घिरट्या घालतंय नि वरून फोटू काढतंय."

"मैनाच्या लग्नात आडवा आलेला मंगळ?"

"तोच," गजा म्हणाला आणि खालच्या ओळी वाचू लागला. मंगळावर कोरड्या नद्यांच्या खुणा आहेत. खोल दऱ्या आहेत. एका जागी दरीच्या उंच काठाचा तुकडा खाली कोसळून लांबवर पसरला आहे. त्याचाच हा फोटो.

मोतीबाई बघत राहिली. काठाला भाकरीचा घास तोडावा तशी वाकडी कड होती आणि तिच्याखाली मातीची जीभ पसरलेली. हे तिनं पाहिलं होतं. मंगळावर नाही, आपल्याच शेतात. पाणी फार दिवस तुंबलं की खाचराचा बांध असाच बसतो. वर वाकडी कड, खाली चिखलाची जीभ. पण बांध गुडघ्याएवढा. ही कड केवढी असेल?

मग तिला घरामागचा डोंगर आठवला.

पंधरवड्याखाली ती गवत काढायला वर गेली होती, तेव्हा किंजळाच्या झाडापाशी जमिनीला भेग दिसली. भेग दिसली की शेतकऱ्याचा हात आपोआप चिखलाकडे जातो. बांधाला भेग पडली, चिंबोरी-खेकड्यानं बीळ केलं, की चिखल थापायचा आणि पाणी राखायचं, हे तिला चालायला लागल्यापासून ठाऊक. तिनं भेग लिंपली. चार दिवसांनी खाचराच्या वरच्या अंगाला दुसरी दिसली, तीही लिंपली. परवा ओहोळाकडे तिसरी. तीही लिंपून आली आणि नवऱ्याला सांगून शाबासकीसुद्धा घेतली.

तिनं चुलीतली राख जमिनीवर पसरली आणि बोटानं खुणा केल्या. हे किंजळाचं झाड. हे खाचर. हा ओहोळ. खुणा जोडल्या तर तीच वाकडी कड निघाली, कागदावरची. भेगा तीन नव्हत्याच. एकच होती, आणि उतारावर उभं राहून ती सबंध कधी दिसणारच नव्हती. तिच्या बरोबर खाली हे घर होतं. मागचं दार सकाळपासून लागत नव्हतं. परसातल्या झऱ्याचं पाणी कालपासून गढूळ येत होतं.

कोंडाजी पडवीत दोर वळत बसला होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"अवो, बांध फोडा. वरचं पानी सोडून द्या. डोंगर सुटलाय."

"कोन बोल्लं?"

तिनं कागद पुढे केला. कोंडाजीनं तो पाहिला, गजाकडे पाहिलं, आणि हसत सुटला. "मंगळावर दरड पडली म्हून मी हितं बांध फोडू?"

"मागलं दार लागत नाय सकाळधरनं."

"पावसात लाकूड फुगतं. दरसाल फुगतं."

"मी भेगा लिंपल्या त्या एकच भेग हाय. पाया पडते. मैना हाय घरात, पोर हाय."

आता मात्र तो चिडला. "उभ्या भाताचा बांध फोडायचा? हात झडतील माझे! फोडत तर नायच, आता जातो नि आनखी हातभर उंच करतो. बघ तू." त्यानं डोक्यावर इरलं घेतलं, फावडं उचललं आणि तो पावसात वर निघून गेला.

मोतीबाई उंबऱ्यात उभी राहिली. राहावं तर डोंगर, आणि निघावं तर सटवाई. पाचवीच्या दिवशी बाळंतीण घराबाहेर काढली आणि पोराला काही झालं, तर उभी वाडी काय म्हणेल? वाडीचं सोडा, ती स्वतःला काय सांगेल? एक पोर गेलं होतंच. आत बाळ रडलं. मागच्या भिंतीतून मूठभर माती आपणहून खाली ओघळली.

ती आत गेली आणि तिनं पाटा उचलून डोक्यावर घेतला.

"आये, काय करतेस?" मैना खाटेवरून उठून बसली.

"पाटा जितं, तितं पाचवी. पाटा शाळेत चाललाय. ऊठ."

"आज? उंबरा वलांडून? सटवाई हितं रिकाम्या घरात येईल नि माघारी जाईल गं!"

"सटवाईला पाय हायेत, येईल ती. तू ऊठ, माझी बाय." मोतीबाईचा आवाज कापत होता, तो मैनाला ऐकू आला, आणि ती खाटेवरून खाली उतरली. आईला असं कापताना तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

गजानं वरवंटा आणि पूजेचा पुडा बरोबर घेतला आणि बैल सोडले. मैनानं बाळाला गोधडीत गुंडाळून छातीशी घेतलं आणि वर घोंगडी ओढली. साकवावरून मधला ओढा पार करून ती मंडळी वाडीच्या शाळेकडे निघाली. वाडीतल्या बाया दारात येऊन बघत होत्या. सोनुबाई मोठ्यानं म्हणाली, "काय गं मोते, पाचवीची वरात काढलीस व्हय?" मोतीबाई तशीच पुढे चालत राहिली. डोक्यावर पाटा असताना मान फिरवता येत नाही, ते एक बरं असतं.

शाळा बंद होती, खोल्यांना कुलुपं. त्यांनी पडवीतच घोंगडी अंथरली. मोतीबाईनं गजाला कोंडाजीला बोलवायला पाठवलं. तो ओढ्यापर्यंत जाऊन परत आला. पाणी साकवावरून वाहायला लागलं होतं. मग तिनं पाटा मांडला, हळदकुंकू वाहिलं. कोरा कागद घरीच राहिला होता. पुड्याचा तो मंगळाचा कागद तेवढा गजाच्या खिशात होता, तोच तिनं पाट्यापुढे ठेवला. बाळाला शिंक आली. तिचा जीव खाली-वर झाला. हे आपण काय करून बसलो? डोंगर तर धुक्यात गुपचूप उभा होता.

मग आवाज आला. आधी ढगांचा वाटला, पण ढग गरजून थांबतात. हा थांबेना. पायाखालची फरशी थरथरली, पाट्यावरचा वरवंटा हलला. मैनानं बाळाला पोटाशी धरून डोळे मिटले. वाडीतून आरडाओरडा झाला आणि माणसं ओढ्याकडे धावली.

धुकं विरळ झालं तेव्हा घर नव्हतं. गोठा नव्हता, खाचर नव्हतं, किंजळाचं झाड नव्हतं. वर तांबडी वाकडी कड आणि खाली ओढ्यापर्यंत आलेली मातीची जीभ, एवढंच होतं.

मोतीबाई ओरडली नाही. ती खांबाला धरून उभी राहिली. माणूस वर गेला होता, बांधावर. तिनंच त्याला चिडवून पाठवलं होतं. लेक वाचली, नात वाचली, बैलसुद्धा वाचले, आणि ज्याच्या नावाचं कुंकू लावायचं तो त्या मातीत. आपण निघताना एक हाक का मारली नाही? माणसं शोधायला गेली, गजाही गेला. तिला बाळंतिणीला टाकून जाता येईना. ती तशीच उभी राहिली आणि दिवस कलला.

दिवेलागणीला गजा त्याला घेऊन आला. डोंगराला वळसा घालून, पार वरच्या साकवावरून. इरलं नाही, फावडं नाही, आणि अंगभर तांबडा चिखल. बांध उंच करायला तो भेगेच्या वरच्या अंगाला माती खणत होता. त्याच्या पायांपासून हातभरावर डोंगर तुटला होता.

मोतीबाईला वाटलं, आता हा आपल्यावर ओरडणार, न विचारता घर का सोडलं म्हणून. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तो तिच्याकडे नुसता बघत होता. मैनाकडे बघे, बाळाकडे बघे, पुन्हा तिच्याकडे बघे. मग एकदम खाली बसला आणि रडू लागला. तेव्हा कुठं तिला उमगलं. त्यांनी घर सोडलंय, हे गजा भेटेपर्यंत त्याला ठाऊकच नव्हतं. वर उभं राहून त्यानं घर मातीखाली जाताना पाहिलं होतं, तिघींसकट.

बऱ्याच वेळानं त्याची नजर पाट्यापुढच्या कागदावर गेली. त्यानं तो उचलला आणि दिव्याजवळ धरला.

"गजा, हितं मान्सं नायत?"

"नाय काका. मंगळावर कुनी ऱ्हात नाय."

"असं तुला कोन बोल्लं?" कोंडाजी म्हणाला. "वरून दिसत नायत, रं. मी बघितलं ना. वरून कायच दिसत नाय. घर व्हतं का नव्हतं, ते पन नाय."

मोतीबाईनं त्याच्या हातातून कागद काढून घेतला. असल्या कागदावर ती नातीचं नशीब लिहू देणार नव्हती. तिनं कडेची न छापलेली पट्टी नीट फाडली, बोटभर रुंदीची, आणि ती पाट्यापुढे ठेवून वर सुपारी ठेवली. पट्टी एवढीशीच होती, पण कोरी होती.