उदयसिंहाचं मरण कुणी फोडलं?

साताऱ्याच्या भार्गवीने मोबाइलवरच्या कथांच्या अ‍ॅपवर 'लांडगी पुनव' लिहायला घेतली तेव्हा ती बारावीत होती. पुनवेला लांडगा होणारा उदयसिंह आणि त्याच्यावर जीव टाकणारी राणी, यांच्या तीन कादंबऱ्या पोरींनी डोक्यावर घेतल्या. चौथी शेवटची. ती यायच्या आधीच वाचकांच्या ग्रुपवर कुणीतरी खोट्या नावाने टाकलं, "उदयसिंह मरतो. राणीच्या मांडीवर, कृष्णेच्या घाटावर."

भार्गवीने ती पोस्ट दोनदा वाचली. शेवट वाचायला दिला होता फक्त ब्राह्मीला. सांगलीची ब्राह्मी तिची मुखपृष्ठं काढायची. मैत्रीही त्यातूनच जमलेली. आता मात्र तिचं सगळंच भार्गवीला खुपायला लागलं. परवा फोन का उचलला नाही? 'शेवट लय जबरी' म्हणाली, रडली कशी नाही? सांगलीच्या एसटीत बसल्यावर तर तिला ब्राह्मीचे जुने मेसेजसुद्धा वेगळेच वाटू लागले.

ब्राह्मी कुपवाडला वडिलांच्या कारखान्यात बसायची. मशिनच्या खडखडाटात भार्गवीने सरळ विचारलं, "कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"मग काय वाऱ्याने नेलं?"

ब्राह्मीचा चेहरा उतरला. तिने ती पोस्ट उघडून पुन्हा वाचली. "घाट कुठला गं? मला पाठवलेल्यात तर तो यवतेश्वरच्या पठारावर मरतो."

भार्गवीला आठवलं. घाट पहिल्या खर्ड्यात होता. ब्राह्मीला पाठवण्याआधीच तिने तो बदलला होता. जुना खर्डा फक्त घरच्या लॅपटॉपवर, आणि तिच्याखेरीज तो एकच माणूस उघडायचा.

संध्याकाळी तिने थोरल्या भावाला, शौनकला, गाठलं. एमआयडीसीत नोकरी करणारा, पिळदार मिशांचा दादा आधी हसला, मग नजर चुकवू लागला.

"वाटलं, पोरी बोंब मारतील, तू शेवट बदलशील," तो अखेर म्हणाला. "तिन्ही पुस्तकं वाचलीत गं मी. चोरून. त्याला कशाला मारतेस?"

आता या माणसावर रागवायचं तरी कसं?

उदयसिंह मेलाच. कादंबरी ठरल्या दिवशी आली, आणि दादा त्या दिवशी जेवायला उठला नाही. ब्राह्मीनेही मुखपृष्ठ वेळेवर पाठवलं, देखणं. भार्गवीने परत परत माफी मागितली. "असू दे," एवढंच उत्तर आलं. त्यानंतर ब्राह्मीने स्वतःहून कधी फोन केला नाही.