मानाची घोंगडी

"जोवर महाराष्ट्राचे पाय थिरकतायत, तोवर सयाजी उतेकर थांबणार नाही!"

वीर स्टेशनाबाहेर दोन रिकाम्या रिक्षा, एक फुटाणेवाला आणि एक झोपलेला कुत्रा यांच्या साक्षीनं ही घोषणा झाली. ती करून सयाजीरावांनी उजवा पाय महमूदच्या रिक्षात ठेवला. डावा बाहेरच राहिला. तो आत घ्यायचा तर उजव्या गुडघ्यानं थोडं सहकार्य करायला हवं होतं, आणि त्या गुडघ्यानं गणपतीपासून असहकार पुकारला होता. शेवटी महमूद खाली उतरला, मागून आला, आणि सिमेंटचं पोतं चढवावं तसं त्यानं महाराष्ट्राच्या लाडक्या सूत्रसंचालकाला आत लोटलं.

"थांबू नको रे," महमूद म्हणाला. "पण बस तरी."

सयाजीराव एकोणीस वर्षं 'ठेका धरा' या नाचाच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करत होते. वय एकाहत्तर. वाहिनीच्या पानावर अठ्ठावन्न होतं, आणि ते गेली अकरा वर्षं अठ्ठावन्नच होतं. ते स्वतः कधी नाचले नाहीत. नाचाआधी दोन्ही हात डोक्यावर नेऊन "जोरदाऽऽर टाळ्या!" म्हणायचं आणि नाच झाल्यावर डोळे पुसायचे, एवढीच त्यांची कला. हात वर गेले की स्टुडिओत एक लाल दिवा लागायचा आणि रोजंदारीवर आणलेली दोनशे माणसं टाळ्या वाजवायची. सयाजीरावांना दिव्याचा आणि रोजंदारीचा केव्हाच विसर पडला होता. टाळ्या तेवढ्या लक्षात होत्या.

गेल्या पर्वात मात्र घोटाळा झाला. नांदेडच्या एका मुलीला स्पर्धेतून बाद करायचं होतं. सयाजीरावांनी, आवाजात कंप आणून, तीन पर्वांपूर्वीच्या नांदेडच्याच दुसऱ्या मुलीला बाद केलं. ती बिचारी घरी लेकराला भात भरवत हाच कार्यक्रम बघत होती. मग निर्माती शर्मिला हिनं त्यांना कॉफी पाजली आणि सोमवारपर्यंत मुदत दिली. एकतर अंतिम फेरीत स्वतःहून निवृत्ती जाहीर करा, हार-तुरे आम्ही बघतो. नाहीतर नवा चेहरा आम्ही जाहीर करतो. नवा चेहरा चोवीस वर्षांचा होता आणि त्याला मराठी सोडून सगळं येत होतं.

म्हणून सयाजीराव शिमग्याला गावी निघाले होते. बेत साधा होता. पालखीच्या दिवशी अख्खं गाव जमतं. गावानं हात जोडून "सयाजीराव, जाऊ नका" म्हणायचं, त्याचं चित्रण करायचं आणि ते शर्मिलाच्या तोंडावर मारायचं. जनतेपुढे वाहिनीचं काय चालतं?

"गाव म्हणेल असं?" महामार्गाला लागल्यावर महमूदनं विचारलं. तो महाडच्या शाळेत त्यांच्या बाकावर बसायचा. नंतर तीस वर्षं कुवेतला क्रेन चालवून परत आला होता, आणि घरात बायकोशी, मासूमाशी, भांडण नको म्हणून आता रिक्षा चालवत होता.

"म्हणेल काय, रडेल! मी गेलो तर त्या कार्यक्रमाचं काय होईल, कल्पना आहे तुला?"

"मला साठ झाले तवा कंपनीनं मनगटाला घड्याळ बांधलं नि विमानात बसवलं. मला पण वाटलं व्हतं, आता क्रेनचं काय व्हईल."

"मग?"

"उभी हाय अजून. पडली नाय."

"क्रेन आणि कला यात फरक असतो, महमूद."

"असतो तर. क्रेनवाल्याचं चुकलं तर माणूस मरतो. तुझं चुकलं तर नांदेडची पोर भात भरवत ऱ्हाते."

पोलादपूरला महाबळेश्वरच्या रस्त्याला वळेपर्यंत सयाजीराव बोलले नाहीत. एवढा वेळ गप्प बसणं हा त्यांचा उच्चांक होता.

सडेकोंड हे त्यांचं गाव आंबेनळीच्या पायथ्याला. घरी थोरल्या भावाची विधवा बनुबाई आणि तिची नात अक्षदा अशा दोघीच. अक्षदा पोलादपूरच्या पतपेढीत कामाला होती. बनुबाईनं अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या डोळ्यांनी दिराकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग पुन्हा वर पाहिलं.

"भावजी, केस नवे काय?"

"नाही वहिनी, जुनेच."

"जुने पांढरे व्हते."

दुसऱ्या दिवशी सकाळी गावकीचा म्होरक्या भिकाजी दोन माणसांना घेऊन अंगणात आला. हातावर एक कोरी काळी घोंगडी होती, घडी केलेली, वर पानाचा विडा. भिकाजीनं ती सयाजीरावांपुढे धरली आणि काही न बोलता उभा राहिला. चुलीपुढून बाहेर आलेली बनुबाई दारातच थबकली.

या खोऱ्यातल्या पाच-सात गावांची रीत अशी, की पालखी नाचवणाऱ्याला "तुझं वय झालं" असं कुणी तोंडावर म्हणत नाही. पाऊल चुकायला लागलं की गावकी त्याच्या घरी घोंगडी पाठवते. ती त्यानं देवळापुढच्या सहाणेच्या, म्हणजे पालखी टेकवायच्या ओट्याच्या, कडेला अंथरायची आणि तिच्यावर बसून इतरांचा नाच बघायचा. बोलाचाली नाही, अपमान नाही, भाषण तर नाहीच नाही. भिकाजीला स्वतःला बासष्टाव्या वर्षी घोंगडी आली होती. तो एक दिवस जेवला नाही, दुसऱ्या दिवशी जाऊन बसला.

पालखीचा पुढचा खांदा उतेकरांच्या मानाचा. गेल्या शिमग्याला सयाजीरावांनी तो घेतला होता, तीन पावलं टाकली होती, आणि मग कुणाच्या तरी मोबाइलकडे तोंड करून देवाला अकरा मिनिटं उन्हात उभं ठेवलं होतं. देव काही बोलला नाही. गावकी वर्षभर बोलत होती.

आता, सतराव्या वर्षी मुंबईला गेलेल्या माणसाला ही रीत ठाऊक नसावी हे समजण्यासारखं होतं. पण सयाजीरावांना दुसरी एक रीत फार ठाऊक होती. एकोणीस वर्षांत त्यांनी चारशेच्या वर शाली घेतल्या होत्या. समोर कुणी घडी केलेलं कापड धरलं की त्यांची मान आपोआप पुढे व्हायची. ती झाली. भिकाजी हलेना, तेव्हा त्यांनी घोंगडी स्वतःच उलगडून खांद्यांवर घेतली आणि डोळ्यांत पाणी आणलं.

"अक्षदा, मोबाइल काढ!"

"आजोबा, ती घोंगडी..."

"चेहरा उजवीकडून घे."

"आजोबा, ऐका तर, ती शाल नाय..."

"ठाऊक आहे गं! शाल कुणीही देतं. ही मातीतली, मानाची घोंगडी आहे! घे."

अक्षदानं आजीकडे पाहिलं. आजीनं कपाळाला हात लावला आणि आत गेली. अक्षदानं चित्रण केलं. सयाजीराव मोबाइलमध्ये म्हणाले, "मायबाप रसिकहो, आज माझ्या गावानं मला ही घोंगडी दिली आणि मी ती नतमस्तक होऊन स्वीकारली! गावानं जे सांगायचं ते सांगितलं. आता यापुढे मी काय बोलणार?" आणि चार लाख चाहत्यांसाठी ते जगभर सोडून दिलं.

भिकाजी परत जाताना सोबतच्यांना म्हणाला, "चांगल्या मनानं घेतली हो. मला वाटलं व्हतं, तरास देल."

दुपारी जेवण होईपर्यंत घाटकोपर-विक्रोळीतले सगळे पोलादपूरकर जागे झाले. 'योग्य निर्णय, दादा.' 'मोठं मन लागतं.' 'आमच्या काकांनी तर घोंगडी विहिरीत टाकलेली.' 'भावपूर्ण निरोप.' एकानं घाईत 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं, त्याखाली दोनशे माणसांनी हात जोडले. कुठल्याशा बातमीवाल्यानं मथळा दिला, 'गावाने बसवले, सयाजीराव बसले.' आणि मग शर्मिलाचा फोन आला. तिच्या आवाजात इतकं प्रेम एकोणीस वर्षांत कधी नव्हतं.

"सर, काय सुंदर केलंत! मला आधी कळलंच नाही. आमच्या मेकअपदादांचं गाव पोलादपूरच, त्यांनी समजावलं. ते तर रडले. सोमवारची वाट नको, आम्ही आजच जाहीर करतो ना?"

सयाजीरावांनी फोन ठेवला. मग बनुबाईनं त्यांना शांतपणे, वरणाचं पातेलं झाकता झाकता, घोंगडी म्हणजे काय ते सांगितलं.

"आधी सांगायला काय झालं होतं, वहिनी?"

"पोर सांगत व्हती. तुमचा चेहरा उजवीकडून घ्यायचा व्हता."

घोंगडी काखेत मारून सयाजीराव लंगडत देवळापाशी पोचले. पालखी सहाणेवर सजली होती, ढोल शेकून झाले होते, गाव जमत होतं. महमूदही रिक्षा लावून, पिंपळाखाली चहा घेऊन उभा होता. सयाजीरावांनी घोंगडी भिकाजीपुढे टाकली.

"ही परत घ्या. गैरसमज झाला."

"घोंगडीचा गैरसमज व्हत नाय," भिकाजी म्हणाला. "पर परत देता येते. रीत हाय. तुझा खांदा लाव, सहाणेभोवती एक फेरा नाचव. पालखी ढळली नाय, खांदा सुटला नाय, तर घोंगडी माघारी. मी सोता माफी मागीन."

"कॅमेऱ्यासमोर?"

"कुणासमोरबी."

सयाजीरावांच्या अंगात वीज आली. एक फेरा! फार तर साठ पावलं. साठ पावलांनंतर भिकाजी मोबाइलमध्ये माफी मागणार, 'सयाजीराव, थांबू नका' म्हणणार, आणि शर्मिलाला चोवीस वर्षांचं ते पोरगं गुंडाळून परत न्यावं लागणार. त्यांनी अक्षदाला जागेवर उभं केलं, धोतर खोचलं आणि सहाणेकडे वळले. वाटेत महमूद होता.

"सयाजी, एकच सांगतो. वजन हाय तवर हात सोडायचा नाय."

"मला शिकवतोस?"

"क्रेनला शिकवायचो."

ढोल वाजला. पुढचा खांदा सयाजीरावांचा, मागचा भिकाजीच्या लेकाचा, ओमचा. आणि खोटं कशाला सांगा, सुरुवात बरी झाली. पहिली दहा पावलं सयाजीराव नाचले. नाचले म्हणजे गुडघा दुखेल तिथं ते उडी मारत होते आणि उडी ठेक्यावर पडत होती. पण लोकनृत्य यापेक्षा फार वेगळं असतं असंही नाही. वीस पावलं झाली. बायका मान डोलवायला लागल्या. तिसाला भिकाजीनं विडी विझवली. चाळिसाव्या पावलाला गर्दीतून कुणीतरी, अगदी मनापासून, रोजंदारी न घेता, ओरडलं, "वा रं उतेकर!"

एकोणीस वर्षांची सवय. समोर माणसं, कानात वाहवा, पुढे अक्षदाचा मोबाइल. सयाजीराव थांबले, मोबाइलकडे वळले, आणि दोन्ही हात डोक्यावर नेले.

"जोरदाऽऽर..."

दांडा खांद्यावरून सरकला. पालखी पुढे कलली, गोंडे लोंबले, ओम मागून "आरं आरं!" करत वाकला. अक्षदानं मोबाइल टाकला आणि झेप घेऊन दांड्याखाली खांदा घातला. पालखी जमिनीपासून हातभर वर होती. ती तिथंच थरथरली, मग सावकाश वर गेली.

ढोलवाल्याच्या टिपऱ्या हवेतच राहिल्या होत्या. सगळ्यांनी भिकाजीकडे पाहिलं. सडेकोंडला बाईमाणसानं पालखी कधी नाचवली नव्हती. भिकाजीनं देवाकडे पाहिलं. देव नेहमीसारखाच दिसत होता.

"खांदा उतेकरांचाच हाय," भिकाजी म्हणाला. "वाजव रे."

ढोल पडला आणि अक्षदा नाचली. उरलेली वीस पावलं ती अशी नाचली की ओमला मागून धावावं लागलं. वीस झाली तरी थांबली नाही. दुसरा फेरा सुरू झाला. पतपेढीत बसून व्याज काढणाऱ्या मुलीच्या पायात हे कुठून आलं, कुणाला कळेना. तिला कुणी टाळ्या मागताना पाहिलं नाही, तरी टाळ्या पडत होत्या.

"फेरा पूर्ण झाला!" सयाजीराव गर्दीतून भिकाजीपाशी आले. धापा टाकत होते. "घराण्याचा खांदा, घराण्याचा फेरा. घोंगडी माघारी घ्या!"

"फेरा पुरा झाला," भिकाजी म्हणाला. "तुझा नाय."

त्यानं पायाशी पडलेली घोंगडी उचलली, झटकली, सहाणेच्या कडेला नीट अंथरली आणि स्वतःच्या जुन्या घोंगडीवर शेजारी जाऊन बसला.

सयाजीराव घोंगडीकडे बघत राहिले. कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं, हे कळायला त्यांना बराच वेळ लागला, कारण याआधी तसा अनुभव नव्हता. मग ते घोंगडीवर चढले. बसले मात्र नाहीत. निरोप घ्यायचाच, तर असा की इतिहासानं नोंद घ्यावी. मातीत पडलेला मोबाइल महमूदनं उचलून दिला होता. तो अजून चालू होता आणि गेला पाव तास आभाळाचं चित्रण करत होता. सयाजीरावांनी तो स्वतःकडे वळवला, उजवीकडून, घसा साफ केला, आणि एकोणीस वर्षांचा सगळा कंप एका आवाजात गोळा केला.

"मायबाप रसिकहो! आज एका युगाचा अस्त..."

मागून कुणीतरी त्यांच्या धोतराचा सोगा ओढला. बनुबाई होती. तिच्यामागे पाच-सहा म्हाताऱ्या बायका, माना वाकड्या करून, कधी त्यांच्या डावीकडून, कधी उजवीकडून, सहाणेकडे डोकावत होत्या.

"भावजी," ती म्हणाली, "जरा खाली बसा की. मागं नाच दिसत नाय."