अबोलीच्या सात्या

अबोलीने भातुकलीच्या कढईत तीन तपकिरी चकत्या टाकल्या होत्या आणि ती त्या मन लावून पळीने ढवळत होती.

"आई, सात्या!"

सोनिकाच्या हातातलं धुणं खाली पडलं. गेल्या रविवारी पारशिवनीच्या आजीने वारुळावरच्या सात्या, म्हणजे रानातली अळंबी, आणल्या होत्या, आणि या अडीच वर्षांच्या पोरीने दोन वाट्या रस्सा ओरपला होता. पण या कुठल्या? वाडीतल्या त्यांच्या भाड्याच्या खोलीमागे आंब्याचं वाळलं खोड पडलं होतं. सोनिका धावली. खोडावर ताजे पांढुरके व्रण होते, चार. कढईत मात्र तीनच चकत्या.

"चौथी कुठी आहे वं? खाल्ली? तोंड उघड!"

अबोलीने खुशीत आ वासला. सोळा दात दिसले, बाकी काही नाही.

लेकीला द्राक्षसुद्धा चार फोडी करून देणारी सोनिका! सकाळी नवऱ्याचा डबा पंख्याखाली निवत ठेवून ती आंघोळीला गेली, तेवढीच काय ती नजर हटली. प्रीतमला पोरीकडे पाहायला सांगितलं होतं, तर तो मोटारसायकल पुसत बसला.

आरडाओरडा ऐकून घरमालकीण यमुताई आल्या. "काय झालं वं?"

"हिनं लाकडावरची अळंबी खाल्ली वाटते, मावशी. फोटो काढला तर मोबाईल बारा नावं दाखवून राहिला, एक धड नाही."

"मोबाईलचं राहू दे. कॉलेजात झाडपाल्याचं तूच शिकली ना? पलटवून पाह्य."

सोनिकाने चकती उलटी केली. सात्यांच्या खाली वहीच्या पानांसारख्या पातळ पाकळ्या असतात. इथे टाचणीने टोचल्यासारखी बारीक छिद्रं. देठ नाहीच. वर बदामी-करड्या रंगांची वर्तुळं. वाकवली तर चामड्यासारखी वाकली. प्रॅक्टिकलला बाईंनी अशीच एक हातात दिली होती. मेलेल्या लाकडावर वाढणारी, खायच्या कामाची नाही.

यमुताईंनी ती विळीवर धरली. विळी घसरली. "घे! माही विळी हरली, अन् हे चिमणी काय चावते?"

"पण तशीच गिळली असंल तर?"

ती डॉक्टरांचा नंबर शोधतच होती, तेवढ्यात फोन वाजला. हिंगण्याच्या कंपनीतून प्रीतम. जेवणाची सुट्टी झाली होती.

"काय वं, आज भाजीत चप्पल टाकली काय? पाच मिनिटं झाले चावून राहिलो, तुटूनच नाही राहिली!"

"थुंका! आधी थुंका ते! तुकडा पुरा आहे का पाहा!"

"पुरा आहे. दाताचा डाग बी नाही. काहून?"

"पप्पाले सात्या दिल्या," अबोलीने खालून अभिमानाने सांगितलं.

सोनिका पोरीला कवटाळून हसत सुटली. यमुताई तर पदर तोंडाला लावून आत पळाल्या.

तरी तिने डॉक्टरांना फोन केलाच.

"पेशंटचं वय?"

"अडीच," ती म्हणाली. "नाही, बत्तीस."