पूर्वाह्नात हजर

हळदीचं बोट नेमकं राधिकाच्या नावावर उमटलं होतं, आणि पदराने दोनदा पुसूनही फोनच्या काचेवर काहीतरी पिवळट राहिलंच – पुसताना यादी वर सरकली, खाली सरकली, शाळांची नावं, पदांची नावं, आणि परत तीच ओळ... राधिका साहू, सहायक शिक्षक, प्राथमिक शाळा, बीरगांव. शेवटच्या रकान्यात एकच शब्द – अतिशेष. म्हणजे गरजेपेक्षा जास्तीची, उरलेली. गेल्या चार दिवसांत कणीक मळताना, फोडणी घालताना, सासूबाईंच्या गोळ्या काढताना पूर्णिमाने ही ओळ इतक्यांदा उघडली होती की फोन बंद असला तरी रकाने डोळ्यांपुढे यायचे. तिचं स्वतःचं नाव यादीत कुठेच नव्हतं. खरं म्हणजे ती तेच पुन्हा पुन्हा बघत होती.

हिशोब सरकारचा होता आणि तसा सरळ होता. पटावर इतकी मुलं तर इतके शिक्षक. शाळेत अठ्ठावन्न मुलं, त्यांना दोन पुरेत, आणि शिक्षक होते तीन – हेडमास्तर हरिदास वर्मा, पूर्णिमा, राधिका. त्या दोनांतली एक जागा हेडमास्तरांची, उरलेल्या एका जागेला राहिल्या दोघी. दोघींपैकी शाळेत जी आधी हजर झाली ती राहणार, नंतरची जाणार, जिथे शिक्षक नाही तिथे. तिथे म्हणजे कुठे हे यादीत नव्हतं, पण सगळे राज्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या, जंगलातल्या बीजापूरचंच नाव घेत होते. आणि तिकडच्या मुलांनाही शिक्षक हवाच की, हे काय तिला कळत नव्हतं? वर्तमानपत्रातली बातमी वाचून तिने मान डोलावलीसुद्धा होती. बातमी आपल्या शाळेच्या दारात येईपर्यंत माणसाची मान छान डोलते.

“तुझं नाव नाही ना त्याच्यात?” निरंजन बुटाची नाडी बांधत म्हणाला. त्याला रेल्वेच्या ऑफिसात दहाच्या आत पोचायचं होतं. “मग काहून जीव जाळून राहिली?”

“आज शेवटचा दिवस आहे. कोणाची हरकत असली तर चार वाजेपर्यंत अर्ज द्यायचा.”

“ज्याले हरकत आहे तो देईल. तुले काय करायचं आहे?” मग तो उठला आणि मनापासून हसला. “बघ, तुझा तो पूर्वाह्न शेवटी कामी आला!”

“मम्मी, टिफिन हुआ क्या?” अनुश्रीने आतून विचारलं. बारावीचं वर्ष, तिला एवढंच विचारायला वेळ होता. पूर्णिमाने डब्याचं झाकण लावलं, ते नीट बसलं नाही, पुन्हा काढून लावलं. निरंजनच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. तो विनोद घरचाच होता, तिनेच घरात आणलेला.

कितीदा सांगितली असेल तिने ती गोष्ट! हळदीकुंकवाला, नणंदेच्या लग्नात, शिक्षकदिनाच्या जेवणात – की सतरा वर्षांपूर्वी नोकरीवर हजर व्हायचं त्याच दिवशी ती माहेरी गोंदियात होती, आणि सकाळची गाडी डोंगरगडला जी उभी राहिली ती राहिलीच. बीरगांवच्या शाळेत पोचली तेव्हा पावणेदोन वाजले होते. घामाने थबथबलेली, चपलेचा अंगठा तुटलेला. पायरीवर एक बारकीशी मुलगी बसलेली, मांडीवर नेमणुकीचा कागद, साडेदहापासून. हीच राधिका. तेव्हाचे हेडमास्तर धर्मपाल गुरुजी मीटिंगला गेले होते, दोनला आले, आणि त्यांनी रजिस्टर उघडलं. राधिकाने पेन उचललं होतं... उचललं होतं, आणि मग वळून म्हणाली होती, “दीदी, आप बड़ी हो, पहले आप करो.” वेळेच्या रकान्याशी पूर्णिमाचा हात थांबला तेव्हा गुरुजी म्हणाले, लिख दो पूर्वाह्न, पहिला दिन है, आधा दिन काहे गंवाना. तिने लिहिलं – पूर्वाह्नात हजर, म्हणजे बाराच्या आत. दुपारी दोन वाजता. इथे सगळे हसायचे. शिक्षकदिनाला तर राधिकाच त्या तुटक्या चपलेची नक्कल करून दाखवायची, एक पाय फरफटत, आणि पूर्णिमाच्या डोळ्यांत हसून पाणी यायचं.

यादी आल्यापासून ती गोष्ट कोणी सांगितली नव्हती.

स्कूटी भनपुरीच्या गर्दीत अडकली तेव्हाही ती तेच घोळवत होती. दोघींची तारीख एक, दोघींची वेळ पूर्वाह्न, मग शिक्षण खात्याच्या साहेबांनी काय बघितलं असेल – रजिस्टरातला क्रम. वर पूर्णिमा, खाली राधिका. खोटं कोणी केलं? कोणीच नाही. गुरुजी वारले, त्यांना आता काय विचारणार... आणि समजा मी सांगितलं, साहेब, मी दुपारी आले होते, तर काय होईल? मी जाईन. अनुश्रीची परीक्षा, सासूबाईंचे गुडघे, निरंजनला तर चहासुद्धा धड करता येत नाही. राधिकाला काय, तिच्यामागे ना पाश ना पसारा, भाऊ-भावजयीकडे राहते, तिला एका बॅगेत निघता येईल... हे वाक्य मनात पुरं झालं आणि पूर्णिमाला स्वतःचाच राग आला. हे वाक्य चार दिवसांत तिने हेडमास्तरांच्या तोंडून ऐकलं होतं, निरंजनच्या ऐकलं होतं, शेजारणीच्याही. सगळ्यांना राधिकाची बॅग भरायची भारी घाई.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. शाळेत पाय ठेवला तेव्हा राधिका प्रार्थनेच्या रांगा सरळ करत होती. तिने मान वर करून “आ गई ताई” म्हटलं – हा ‘ताई’ शब्द तिने पूर्णिमाकडूनच उचललेला – आणि त्या तीन शब्दांत काही होतं का, की नेहमीचेच होते, हे पूर्णिमा पहिला तास संपेपर्यंत उलगडत बसली. तिसरीला तिने भागाकार दिला. फळ्यावर बाकी एक उरली. एका मुलीने विचारलं, मैडम, जो बच गया उसका क्या करें? आणि पूर्णिमा इतक्या जोरात “बाजू में लिखो!” म्हणाली की सगळा वर्ग चिडीचूप झाला.

हेडमास्तर मीटिंगला गेले होते. मधल्या भिंतीपलीकडून राधिकाचा आवाज येत होता, पहिली-दुसरीला ती अक्षरं गाऊन शिकवायची. दरवर्षी उन्हाळा सरला की हीच बाई पारा-पारा, वस्ती-वस्ती फिरून मुलं गोळा करायची, कारखान्यात पाळीवर गेलेल्या आयांची वाट बघत दारात बसायची, आधार कार्डाची झेरॉक्स स्वतः काढून आणायची. अठ्ठावन्नांतली निम्मी तिने आणलेली. पूर्णिमा कागदात हुशार, राधिका माणसांत; सतरा वर्षं शाळा अशी चालली. सगळ्यांचे अर्ज पूर्णिमाने लिहायचे – रजेचे, वेतनवाढीचे, शौचालयाच्या दाराचे, हेडमास्तरांच्या मुलाच्या जातीच्या दाखल्याचेसुद्धा – कारण तिची अर्जाची हिंदी अशी, की साहेबाला नाही म्हणताना लाज वाटावी.

बोल ना एकदा, पूर्णिमा भिंतीकडे बघत मनातल्या मनात म्हणत होती, बोलून टाक. तू दुपारी आली होतीस म्हण. भांड माझ्याशी. मी नाही म्हणेन, किंवा रडेन, पण निदान... आणि लगेच दुसरं मन – नको, देवा, आज चार वाजेपर्यंत तिला काही आठवू नको देऊस.

जेवणाच्या सुट्टीत राधिका आली. तिच्या हातात एक वही होती आणि एक कोरा कागद. वही आधी ठेवली.

“ताई, इसमें मेरे बच्चों का लिख दिया है. तोरण को आगे बिठाना, उसको दूर का नहीं दिखता, बोलता नहीं है. और हेमपुष्पा की मां रात पाली में रहती है, वो सुबह बिना खाए आती है. अपने डब्बे से एक रोटी दे देना, मांगेगी नहीं.”

“अभी से काहे बता रही है?” पूर्णिमाचा आवाज तिलाच परका वाटला. “अभी कुछ हुआ थोड़ी है.”

“हव, हुआ तो नहीं है.” राधिका हसली. मग कागद पुढे सरकवला. कागद कोरा नव्हता. खाली उजव्या कोपऱ्यात तिची सही होती, गोल, शाळकरी अक्षरात, खाली तारीख. “मेरा आवेदन तुम ही लिख दो ना ताई. सबका तुम ही लिखती हो. और जाते-जाते ऑफिस में दे देना, तुम्हारे रस्ते में पड़ता है. सर नहीं हैं, मैं बच्चों को छोड़ के कैसे जाऊं.”

“क्या लिखूं?”

राधिका क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. रागाने नाही, विनवून नाही, वर्गात एखाद्या मुलाला उत्तर येतंय की नाही ते बघावं तशी. “तुमको तो सब पता है,” ती म्हणाली, आणि बाहेर वरण वाढायला निघून गेली, कारण रांगेत कोणीतरी कोणाला तरी ढकललं होतं.

आपला वर्गही राधिकावर सोपवून पूर्णिमा पावणेतीनला निघाली. शिक्षण खात्याच्या ऑफिसच्या आवारात आंब्याखाली स्कूटी लावून, सीटवर पर्स आणि पर्सवर कागद ठेवून तिने पेन काढलं. व्हरांड्यात तीस-चाळीस शिक्षक दाटीने उभे होते, प्रत्येकाच्या हातात काहीतरी – आजाराचे दाखले, लग्नाचे दाखले, कोणी तर कडेवर मूलच आणलेलं. तिने लिहिलं – प्रति. लिहिलं – विषय. हे हात आपोआप लिहितो. मग – सविनय निवेदन है कि... आणि इथे दोन अर्ज तिच्यापुढे तयार उभे राहिले, दोन्ही तितक्याच चांगल्या हिंदीत. एकात राधिका साहू कौटुंबिक अडचणींमुळे जवळपासची शाळा मिळावी अशी नम्र प्रार्थना करत होती. अशा अर्जांचं काय होतं ते पूर्णिमाला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्यात राधिका साहू सांगत होती की त्या दिवशी मी साडेदहाला हजर होते, आणि माझ्या वर जिची सही आहे ती...

ती. म्हणजे मी.

कोणत्याही अर्जावर सही झालेलीच आहे. हे मला कागद हातात घेतला तेव्हाच कळायला हवं होतं. पहिला लिहिला तर राधिका मला एका शब्दानेही विचारणार नाही, जाताना वर्गाची किल्ली देईल, पोचल्यावर फोन करून सासूबाईंचे गुडघे कसे आहेत विचारेल. मला हे तेवढंच खात्रीने माहीत आहे, जेवढं माझं नाव माहीत आहे. चार दिवस मी तिच्या तोंडाकडे बघत होते, की आता बोलेल, आता बोलेल. आणि ती बोलली असती ना, तर किती बरं झालं असतं! मी खोटी पडले असते, पण तिच्यामुळे. जावं लागलं असतं तरी तिच्यामुळे. निरंजनला सांगायला माझ्याजवळ एक नाव असतं. तेसुद्धा तिने ठेवलं नाही. राग आला मला, खरंच सांगते, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचा राग आला – एवढा विश्वास टाकायचा अधिकार तिला कोणी दिला?

“मैडम, लाइन में लगिए, साढ़े तीन हो गए,” व्हरांड्यातून कोणीतरी म्हणालं.

ती रांगेत जाऊन उभी राहिली, कागद अर्धा कोरा, पेनाचं टोपण उघडं. पुढे अकरा माणसं होती. राधिकाची भीती गेली होती. यादीचीही गेली होती. पुढचा माणूस आत गेला, रांग एक पाऊल सरकली, आणि पूर्णिमा सरकली – कोणी विचारणार नव्हतं, कोणी पकडणार नव्हतं, आणि आता जे काही लिहिलं जाईल ते फक्त तिनेच लिहिलेलं असणार होतं.